सुशील्यावरून पेटलेली सोयरीक

हसू नका बरं का, आधीच सांगते! चहा सांडेल आणि बोल मला लागेल.

झालं असं, मी इथे नांदेडला बसून खाण्यापिण्याच्या एका ऑनलाइन ग्रुपात शिरले. पहिल्या दिवशी लिहिलं, "आदरणीय सदस्यहो, सप्रेम नमस्कार." कुणी ढुंकूनही पाहिलं नाही! माझी लेक पूजा मात्र हसून लोळायची बाकी.

"मम्मी, पत्र लिहून राहिलीस का? तिथं सगळे 'भावा' असतात. बाई असू दे, म्हातारा असू दे, भावा!"

"अन् अहो-जाहो?"

"तसं बोललं की लोकांना वाटतं, ही चिडून राहिली."

बस्स! तीस वर्षं घरात 'अहो, अहो' करणारी मी, सुटलेच की! आठवड्यात सगळ्या ग्रुपाची भावा झाले.

तिथे एक 'उदगिरी खवय्या' होता. खरं नाव नाही, फोटो नाही. त्याने लिहिलं, "सुशील्यात साखर घालणाऱ्याला उठाबशा काढायला लावाव्यात." आता मला सांगा, नाश्त्याला सुशीला करताना चुरमुरे भिजवले, फोडणी दिली, डाळव्याचं कूट घातलं, मग चिमूटभर साखरेनं काय घोडं मारलं? मी लिहिलं, "भावा, तू गप! तुला चुरमुरे तरी भिजवता येतात का?"

तीन दिवस भांडलो. काय मजा आली!

त्याच रविवारी पूजाला बघायला उदगीरहून पाहुणे आले. मुलगा तिनंच पसंत केलेला. अडलं होतं फक्त त्याच्या वडिलांच्या होकारावर. ते रिटायर हेडमास्तर.

"मम्मी, लई शिस्तीचे हायेत ते. कमी बोल," पूजानं हात जोडले.

मी पदर सावरून सुशीला पुढे ठेवला. हेडमास्तरांनी एक घास घेतला. कपाळाला आठी!

"ताई, राग मानू नका. पण सुशील्यात साखर घालणाऱ्याला उठाबशा काढायला लावाव्यात."

अहो, डोक्यात वीजच चमकली! आणि तोंडातून निघून गेलं, "भावा, तू गप!"

आमच्या ह्यांच्या हातातली बशी कलली. पूजानं डोळे मिटले. मेलेच मी! चिमूटभर साखरेपायी पोरीचं जमत आलेलं लग्न मोडलंच म्हणायचं.

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे नीट पाहिलं.

"चुरमुरे भिजवता येतात मला," ते हळूच म्हणाले, "भावा."

होकार तिथल्या तिथे!

मग मला मानाची हौस आली. विहीणबाई म्हणजे काय साधं पद आहे? साखरपुडा झाल्यावर व्याह्यांनाच ग्रुपात लिहायला लावलं, "या आमच्या विहीणबाई. इथून पुढे यांना सर्वांनी मानानं बोलावं."

फोन हातात धरून मी ऐटीत बसले. पहिलं उत्तर आलं ते नुकत्याच ग्रुपात शिरलेल्या माझ्याच पूजाचं.

"अभिनंदन भावा! पण साखर नकोच."