हिरवी वायर

माझा कान फार तिखट आहे असा मला गर्व होता. त्या गर्वापायी घरात जे घडलं, ते हे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात मी लॅबमध्ये होतो. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, बायको आणि दहा महिन्यांची मुलगी. श्रीरामपूरच्या एका मेकॅनिककडून मी पत्र्याच्या पेटीतला अ‍ॅम्प्लिफायर जुळवून घेतला, आणि त्याच्या वायरी निवडण्यात सबंध दुपार घालवली. प्रत्येक वायर सोलून बघितली. तांबं आतपर्यंत तांबडं आहे की नुसता मुलामा, ते नखानं खरवडून पाहिलं. दोन्ही स्पीकरांना तंतोतंत सारख्या लांबीची वायर हवी, उगाच वीतभरही जास्त नको, असा हट्ट धरला. शिवाय स्टॅबिलायझर, जाड एक्स्टेन्शन बोर्ड, तीन पिनांचा भक्कम प्लग.

मेकॅनिक वयस्कर होता, मोजकं बोलायचा. सामान बांधताना त्यानं प्लगमधल्या हिरव्या, अर्थिंगच्या वायरीवर बोट ठेवलं. "सायेब, पेटी घुमली तर घुमू द्या. पर ही वायर काढू नका. ती आवाजासाठी न्हाई, मानसांसाठी हाय."

शिकलेल्या माणसानं अडाण्याला द्यावा तसा मी होकार दिला.

घरी जोडणी केली आणि पेटी खरंच घुमायला लागली. बारीक, सतत, घूं. बायकोला ते ऐकूही येईना, मला मात्र दुसरं काही ऐकू येईना. चार दिवस मी वायरी इकडच्या तिकडे केल्या, प्लग बदलला, स्टॅबिलायझर काढून पाहिला. पाचव्या दिवशी प्लग उघडला आणि हिरवी वायर सोडवली. घूं बंद. त्या शांततेत कॅसेटमधल्या तबल्यावर तळवा घासल्याचंही ऐकू आलं. मी खुळ्यासारखा एकटाच हसलो.

आठवड्यानं बायको म्हणाली, "अहो, पुसायला गेलं की ही पेटी चावते."

"तुमच्या जामखेडला वीज असते तरी का? सवय नाही तुला," मी म्हणालो. तीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती पेटी पुसायला चप्पल घालून जायला लागली.

एकदा ती बाहेर गेलेली असताना मी पेटीला टेस्टर लावला. आतला दिवा मिणमिणला. मी लॅबमधला माणूस, पेटीच्या पत्र्यात वीज उतरतेय हे मला कळत होतं. टेस्टर खिशात ठेवला आणि कॅसेट बदलली. ह्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

त्याच सुमारास मुलगी धरून उभी राहायला लागली. आधी खाटेचा पाय, मग खुर्ची. पेटीचं स्टूल तिच्या छातीइतकं होतं. "वर फळीवर ठेवा ना ते," बायकोनं दोनदा सांगितलं. फळीपर्यंत स्पीकरांची वायर पुरत नव्हती. आणि आवाज बिघडेल म्हणून वायरीला जोड द्यायला मी तयार नव्हतो.

एका रविवारी सकाळी बायकोनं नुकतीच फरशी पुसली होती. मी खुर्चीत डोळे मिटून सारंगी ऐकत होतो. ओल्या फरशीवर मुलीचे तळवे चपचप वाजत पुढे सरकत होते. मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. मी डोळे उघडले नाहीत.

बायको ओरडली तेव्हा उघडले. तिनं मुलीला ढकलून दिलं होतं आणि त्या झोकात तिचा स्वतःचा हात पेटीवर पडला होता. तो सुटत नव्हता. पाय अनवाणी, फरशी ओली. भिंतीवरचं बटण दोन पावलांवर होतं, पण ती दोन पावलं मला संपता संपेनात. बटण दाबलं तशी ती खाली कोसळली. ओठ काळेनिळे पडले होते. मुलगी मात्र मोठमोठ्यानं रडत होती.

बायको वाचली. उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत.

मेकॅनिक श्रीरामपूरहून स्वतः आला. पत्र्यात वीज सोडणारा ट्रान्सफॉर्मर बदलला, हिरवी वायर जोडली. पेटी पुन्हा घुमायला लागली. मी म्हणालो, देऊन टाकू ही ब्याद.

"राहू द्या," बायको म्हणाली. "घुमतंय तेच बरंय. वायर जागेवर आहे, हे कळतं तरी."

त्यानंतर रोज फरशी पुसून झाली की ती मुलीला कडेवर घ्यायची, लाकडी काठीनं बटण दाबायची आणि स्पीकरला कान लावायची. घूं ऐकू आलं की मगच तिला खाली सोडायची. "मी पुन्हा काढली नाही ग," असं मी सांगितलं, तरीही आधी ऐकायची.