आबांची डावी मूठ आणि माझा टचपॅड

'सक्तीच्या अपडेटचा निषेध असो' हे वाक्य माझं आहे. पत्रकातला तिसरा मुद्दा. जळगावला कॉलेजात असताना आम्ही चौघांनी लिनक्सच्या प्रचाराचं पत्रक काढलं होतं: कंपन्यांची गुलामी सोडा, कॉम्प्युटरला मोकळी, फुकट प्रणाली वापरा, वगैरे. ते पत्रक आम्ही तयार करून घेतलं आमच्या पारोळ्याच्या एका फ्लेक्सवाल्याकडे, त्याच्या चोरीच्या सॉफ्टवेअरवर. ही गोष्ट तो अजून गिऱ्हाइकांना चहाबरोबर सांगतो.

त्या माणसासमोर एकदा तरी जिंकायचं, ही माझी खाज. ती मी भागवायला निघालो शेजारच्या आबांच्या जिवावर.

आबा म्हणजे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. उरलेल्या भिंतींना शिडी लागते, आणि आबांच्या गुडघ्यांनी शिडीला कायमचा नकार दिला होता. हात मात्र शाबूत. अशात रावेरच्या एका केळीवाल्याला सगळ्या ट्रकांवर चिकटवायला हातानं काढल्यासारखी अक्षरं हवी झाली. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरातले सगळे फॉन्ट त्यानं नापास केले.

"काय पुढारी," फ्लेक्सवाला मला म्हणाला, "तुमचे आबा कॉम्प्युटरवर काढतील का? शनिवारी केळीवाल्याचं नाव काढून दाखवा. जमलं तर दुकानात कायमची खुर्ची. बसून काम, शिडी नाही. नाही जमलं तर मी दुसरा माणूस बघतो."

"जमणारच," मी म्हणालो. आबांना विचारलंही नव्हतं.

मी जुना ड्रॉइंग टॅब्लेट मिळवला, शाळेच्या पाटीएवढा, काळा; त्यावर त्याच्या पेननं काढलं की मॉनिटरवर उमटतं. आबांच्या ओट्यावर माझा लिनक्सवाला लॅपटॉप मांडला, मागे मोठा मॉनिटर लावला आणि टॅब्लेट त्यांच्यापुढे आडवा ठेवला. आबांनी तो उचलला आणि लॅपटॉपच्या झाकणाला टेकवून उभा केला.

"आबा, तो आडवा ठेवायचा असतो."

"बोर्ड आडवा ठेईसन कोन रंगाडस रे?"

आबांनी डाव्या हाताची मूठ वळली, टेकवली, तिच्यावर उजवं मनगट ठेवलं आणि पेन धरलं. पेंटर लोकांची ही रीत आहे. मूठ म्हणजे त्यांचा टेकू, तिच्याशिवाय रेघ सरळ येत नाही. आता ती मूठ टेकली होती बरोबर टचपॅडवर, म्हणजे लॅपटॉपचा बाण बोटानं हलवायच्या चौकटीवर.

शिरोरेघ अर्ध्यावर आली आणि बाण उडी मारून कोपऱ्यात गेला. पुन्हा काढली. या वेळी पडद्यावरची खिडकीच बंद झाली. तिसऱ्यांदा काहीच उमटलं नाही.

"दाबा ना आबा, जोरात दाबा!"

आबांनी पेन खाली ठेवलं. "ब्रश दाबस तो पेंटर नही, हमाल शे."

बुधवार गेला, गुरुवार गेला. मूठ काढली की रेघ थरथरायची, मूठ ठेवली की बाण पळायचा. पेन दाबलं की अक्षर सुजायचं, नाही दाबलं तर यायचंच नाही. गुरुवारी संध्याकाळी आबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, ऱ्हाऊ दे. मन्हा हातच आते जुना व्हयी गया." असं म्हणताना ते हाताकडे बघत होते, मशीनकडे नाही. तेव्हा मला फार राग आला. आपला राग नेहमी दुसऱ्यावरच निघतो, म्हणून मी लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर दीड पानाची तक्रार ठोकली. कष्टकरी कलावंताच्या हाताचा हा अपमान आहे, त्याला जबाबदार कोण, उत्तर द्या! फक्त 'मोर्चा काढू' लिहायचं राहिलं.

शुक्रवारी सकाळी कुठल्यातरी देशातून एका माणसाचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं. पहिली ओळ: तुमची आवृत्ती कोणती?

मी बघितली. कॉलेजातल्या पेनड्राइव्हवरून टाकलेली, तेव्हापासून जशीच्या तशी. एकही अपडेट केलेला नव्हता. कारण? तिसरा मुद्दा.

दुसऱ्या ओळीत त्यानं सभ्यपणे लिहिलं होतं, की यातलं बरंच काही नव्या आवृत्तीत कधीच सुधारलंय.

शुक्रवारचा अख्खा दिवस अपडेट उतरवण्यात गेला. वीज दोनदा गेली, मोबाइलचा डेटा एकदा संपला. आबा दर तासाला विचारायचे, "व्हयनं का?" मी म्हणायचो, "होतंय." नव्या सेटिंगमध्ये पेनच्या दाबाची एक रेघ होती. ती वाकवली की हलका हातही ओळखला जातो. आणि दुसरी सोय अशी, की माउस जोडलेला असेपर्यंत टचपॅड झोपलेला. मी माउस जोडला. तो वापरायचा कोणालाच नव्हता, म्हणून ओट्याच्या खिळ्याला टांगून ठेवला.

शनिवारी फ्लेक्सवाला आला. आबांनी टॅब्लेट उभा केला, मूठ टेकवली, मनगट ठेवलं. हवेत एकदा हात फिरवला आणि एका श्वासात शिरोरेघ ओढली. मग एकेक अक्षर, सुरुवातीला बारीक, पोटात भरलेलं, शेपटीला पुन्हा बारीक. फ्लेक्सवाल्याचं तोंड उघडं होतं. बंद केल्यावर त्याला आधी माउस दिसला.

"हा कशाला टांगलाय?"

"नजर लागाले नको म्हनीसन," आबा म्हणाले. "खुर्ची कव्हय देस?"

"सोमवारी. पण आबा, हाच लॅपटॉप पाहिजे. माझ्या मशीनवर असं येईल का, भरवसा नाही."

मी जिंकलो होतो. त्याच्या दुकानात लिनक्स शिरलं, तेही माझ्या लॅपटॉपसकट. आता मला काही टाइप करायचं असलं तर आबांच्या जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसावं लागतं, माउसला हात न लावता.

परवा नव्या पत्रकासाठी गेलो होतो. तिसरा मुद्दा गाळलाय, त्याबद्दल फ्लेक्सवाल्यानं काय काय ऐकवलं ते इथे सांगत नाही. मथळा आबांनी काढून दिला, 'जाहीर निषेध'. इतका देखणा काढलाय की बसस्टँडवर वाटायला गेलो, तर पहिला माणूस पत्रक हातात धरून म्हणाला, "वा! लग्न कोणाचं?"