मोऱ्याला पोचवलेला एक कँटोनीज शब्द

कामोठ्याहून सकाळी निघालो तेव्हा मांडीवर नितेशची बॅग होती. नितेश आमच्या जहाजावरचा खलाशी, उरणजवळच्या मोऱ्याचा कोळी. दोन महिन्यांपूर्वी हाँगकाँगच्या बंदरात जहाज धक्क्याला बांधताना दोर तुटला आणि त्याच्या छातीवर बसला. तो जागीच गेला. मी त्याच जहाजावर सेकंड ऑफिसर.

गव्हाण फाट्याला गाडी बदलायची होती. चहा घेतला, अर्धा टाकून दिला. इथूनच परत फिरावं, असं फार वाटलं. पुढे दोन्ही बाजूंना मातीचे भराव, कंटेनरच्या रांगा, मधेच खाडीचा करडा चिखल.

मोऱ्याच्या जेट्टीवर मुंबईची लाँच नुकतीच लागली होती. मासळी निवडणाऱ्या एका बाईला घर विचारलं. "नितेशचं ना? देवळामागं," एवढंच म्हणून तिनं मान खाली घातली.

नितेशच्या आईनं सुकटीचं कालवण (सुक्या मासळीचा रस्सा) आणि तांदळाची भाकरी वाढली. वडिलांनी अपघाताबद्दलचा कंपनीचा इंग्रजी कागद पुढे केला.

"पुतणीकडून वाचून घेतला. ह्यात लिवलंय, आमच्या पोराला दोराचं काम येत नव्हतं. तुमी होते ना तिथं?"

मी सांगू लागलो. आमचा मुकादम लाम हाँगकाँगचा, कँटोनीज बोलणारा. सुरुवातीला तो नितेशला 'साम कॉक माऊ' (तीन पायांची मांजर, म्हणजे कच्चा कारागीर) म्हणायचा. एकदा नितेशनं जाड दोर असा सांधला की हात फिरवूनही सांधा कळेना. तेव्हापासून लाम त्याला म्हणे, 'लेक'.

"लेक?" आई चुलीपासून उठली.

"त्यांच्या बोलीत लेक म्हणजे कामात तरबेज."

ती भिंतीला टेकून खाली बसली. पदर तोंडात धरला.

मी पुढे सांगितलं, "त्या दिवशी दोर कुजलाय, हे नितेशनंच सांगितलं होतं. कॅप्टन म्हणाले, चालेल. लामनं ह्या कागदावर सही केली नाही. त्याला कामावरून काढलं."

"आन् ही खालची सही?"

"माझी."

वडिलांनी माझ्यासमोरचं ताट उचललं. "जेवन नंतर. आधी खरं काय ते लिवा."

ओटीवर बसून मी सगळं मराठीत लिहिलं, खाली सही केली. त्यांनी प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचलं, घडी घातली.

"बॅग ठेवा. आता नका येऊ."

परतीच्या गाडीत विचार करत होतो. तो कागद कंपनीकडे पोचला की मला पुन्हा जहाज मिळणार नाही. हाँगकाँगला सही करतानाही माझ्या डोक्यात एवढंच होतं. त्यात नितेश नव्हता.