सुकाणूवरचा हात

हिराबायला मी सांगितलं, निगेटिव्ह खराब झाली. ती खराब झालेली नव्हती. आमचं बोलणं चाललं होतं तेव्हा ती माझ्याच टेबलाच्या खणात होती, तिच्या हातापासून दीड वीत लांब. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मुरुडच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, नोकरीच्या अर्जाला लागणारे फोटो, यावर घर चालतं. त्या वेळी मी आणखी एक काम करायचो. किनारा, होड्या, माडाच्या वाड्या असे फोटो काढून मुंबईला पाठवायचो. तिकडे एजन्सी असते. ती असे फोटो जमवून ठेवते आणि कॅलेंडरवाल्यांना, जाहिरातवाल्यांना, मासिकांना लागतील तसे विकते. मी दोन एजन्सींना पाठवायचो. शिवाय एका साप्ताहिकाला.

त्या वर्षी नारळीपौर्णिमेला धर्मा नाखव्याने मला त्याच्या होडीवर घेतलं. हिराबायचा नवरा. चाळिशीचा, दाढी वाढलेली, उजव्या हाताचं एक बोट दोरात सापडून अर्धं तुटलेलं. कोळीवाड्यातून तेव्हा कोणी फोटो काढून घ्यायला येत नसे. धर्माचाही आयुष्यात एक फोटो निघाला नव्हता. तो सुकाणू धरून बसला होता आणि मी बटण दाबलं.

"मना येक देशील ना?" त्याने विचारलं.

"आठवड्यात घरी आणून देतो, नाखवा."

आता आमच्या धंद्यातली खोड सांगतो. डेव्हलपर, म्हणजे फोटो धुवायचं औषध, एकदा कालवलं की दोन दिवसांत वाया जातं. म्हणून आम्ही किरकोळ प्रिंट साठवून ठेवतो आणि पंधरा-वीस जमल्या की एकदम काढतो. धर्माची प्रिंट किरकोळात गेली. मुंबईला पाठवायची मोठी प्रिंट मात्र मी त्याच आठवड्यात काढली. औषध तेच होतं. त्यात आणखी एक कागद बुडवला असता तर काही बिघडलं नसतं.

फोटो बघून फोर्टातल्या एजन्सीचे मॅनेजर कोठारी यांनी मला बोलावून घेतलं. रेवसच्या लाँचने गेलो.

"फोटो फर्स्ट क्लास आहे. तेलवाल्यांना कॅलेंडरसाठी हवाय," ते म्हणाले. "पण आता तुम्ही आमच्याशी एक्सक्लुझिव्ह व्हा."

एक्सक्लुझिव्ह म्हणजे तुमचं सगळं काम त्या एकाच एजन्सीमार्फत विकायचं, दुसऱ्या कोणाला काही द्यायचं नाही. मोबदला जास्त, कामाची हमी, आणि निगेटिव्ह त्यांच्या ताब्यात.

"होडीवाल्याला एक प्रिंट द्यायची कबूल केलीय," मी म्हणालो.

"अरे भाई, एक पण नाही. तो भिंतीवर लावणार, कोणीतरी त्याची कॉपी मारणार, आमची पार्टी आम्हाला कोर्टात खेचणार. होडीवाल्याला दुसरा फोटो काढून द्या. तो कुठे पळून जातो?"

मला ते पटलं. खरं तर मला पटवून घ्यायचंच होतं. मासिकात फोटोखाली नाव येईल, मुरुडात लोक बोलतील, एवढंच डोक्यात होतं. कागद तीन पानी इंग्रजी होता. दोन पानं वाचली आणि सही केली. सगळ्या निगेटिव्ह महिन्याभरात रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या होत्या.

परत आलो त्याच आठवड्यात समुद्र उलटला. धर्माची होडी आली नाही. फळ्या सापडल्या, माणूस सापडला नाही.

हिराबाय आली तेव्हा निगेटिव्हचं पार्सल कापडात शिवून, वर लाख लावून खणात तयार होतं. दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकायचं होतं. ती आत येऊन माझ्या टेबलाला लागून उभी राहिली.

"दादा, नारली पुनवंला तुमी त्याचा फोटू काढलाव ना?"

"काढला होता."

"आमाला काय गावलंच न्हाय. गवताचा पुतला करून जालला आमी. त्याला तोंड न्हवतं. धाकटी दोन वर्सांची हाय, तिला बापूस आठवाचा न्हाय. येक फोटू द्या."

शिवण उसवायची, प्रिंट काढायची, पुन्हा शिवायचं. तासाभराचं काम. कोठारींना कळायचं काही कारण नव्हतं. मी म्हणालो, "हिराबाय, खाऱ्या हवेने निगेटिव्ह खराब झाली गं. बुरशी धरली."

तिने मान हलवली. वर मलाच म्हणाली, "असू दे. तुमी तरी काय करनार?"

जानेवारीत किराणा दुकानात तेलवाल्यांचं कॅलेंडर लागलं. ती ते मागून घेऊन स्टुडिओत आली. माझ्यासमोर टेबलावर उलगडलं. होडी होती, शीड होतं, सुकाणू होतं. सुकाणूवर एक हात होता, अर्ध्या बोटाचा. हाताच्या वर काळोख, आणि त्या काळोखात पांढऱ्या अक्षरात तेलाचं नाव.

"ह्यो हात कुनाचा हाय?"

तिने त्या अर्ध्या बोटावर आपलं बोट ठेवलं.

"बुरशी धरलती ना? हात ठेवलाव. तोंड कुठं ठेवलाव?"

ती ओरडली नाही. कॅलेंडर नीट गुंडाळलं, काखेत धरलं आणि गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फोर्टात गेलो. केबिनमध्ये उभ्याउभ्याच म्हणालो, "माझी निगेटिव्ह द्या. आत्ता."

"बसा. पाणी घ्या."

"माणसाचं तोंड कुठे गेलं?"

"पार्टीला दाढीवाला नको होता. तेलाच्या कॅलेंडरवर असा माणूस चालतो का? रिटच केलं."

त्यांनी पाकीट काढून माझ्यापुढे सारलं. निगेटिव्ह उजेडात धरली. फिल्मवर एक पातळ थर असतो, चित्र त्याच थरात असतं. धर्माच्या तोंडावरचा थर बारीक सुरीने खरवडून काढला होता. तिथे आरपार दिसत होतं; छापलं की तिथे नुसतं काळं उमटतं. मुंबईला पाठवलेली मोठी प्रिंट मागितली, तर ती छपाईचा ब्लॉक करणाऱ्याकडे गेली ती परत आलीच नव्हती.

"कोणाला विचारून खरवडलंत?"

"तुम्हालाच. तिसरं पान."

तिसरं पान मी वाचलं नव्हतं. मी त्यांना नाही नाही ते बोललो. चोर म्हणालो. माणसाचं तोंड खरवडताना हात कसा धजला, असं विचारलं. बाहेरचे कारकून दारात जमले. कोठारींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं? आता किहीमचं काम आहे. बंगले, बीच, चार दिवस. करणार?"

मी ते काम घेतलं. मला चीड येते ती कोठारींची नाही. ते त्यांचा धंदा करत होते, आणि काय करणार ते त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. हिराबायशी खोटं बोल, असं मला त्यांनी सांगितलेलं नव्हतं. ते माझं मी केलं. आणि ज्यांनी ते तोंड खरवडलं त्यांचंच काम मी पुढे करार संपेपर्यंत करत राहिलो.

नवीन फोटोग्राफर मला विचारतात, एकाच एजन्सीला सगळं द्यावं का? मी सांगतो, द्यायचं तर द्या, पण आधी तिन्ही पानं वाचा. आणि ज्यांना शब्द दिला असेल त्यांच्या प्रिंट सहीच्या आधी त्यांच्या घरी पोचवा.

हिराबाय बाजारात मासळी घेऊन बसते. मी त्या रांगेतून जात नाही. धाकटी आता शाळेत जाते. मी त्या मुलीला तिच्या बापाचा एक फोटो देणं लागतो, आणि तो माझ्याकडे नाही.