सहावीची पुस्तकं आणि पाटा

बापू, मी गाव सोडलं त्या सकाळी तू बैलगाडी जुंपली होतीस आणि तुझ्या वहिनीने पाटा-वरवंटा उचलून गाडीत ठेवला होता. मी तो खाली उतरवला. सौंसरपर्यंत गाडी, पुढे नागपूरची मोटार, टपावर हा दगड कोण चढवणार, असं म्हणालो. खरं कारण माझ्या खांद्यावर होतं. सुमन पाचवी पास झाली होती आणि सहावीचा सगळा संच मी गुरुजींच्या पोरीकडून आधीच आणून ठेवला होता. जुनी पुस्तकं, पण कव्हरं घातलेली. म्हटलं, नागपुरात उतरली की सरळ सहावीत बसेल, एक दिवस वाया जाणार नाही. दोन ओझी नेणं जमत नव्हतं, म्हणून पाटा राहिला. आई दारात उभी होती. एवढंच म्हणाली, "पोरीची शाळा सुटू देऊ नको गा."

सक्करदऱ्याच्या तलावामागे खोली घेतली. संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायचं आणि ठोकायचं काम मिळालं. आठवड्याने अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पोरीला शाळेत नेलं. हेडमास्तर भले माणूस, मला खुर्ची दिली. दाखला पाहिला, पुस्तकं चाळली आणि पिशवीत परत ठेवली. म्हणाले, हा मध्यप्रदेशचा अभ्यासक्रम, इथे चालत नाही. तिकडे इंग्रजी सहावीपासून, इकडे पाचवीपासून. तिकडे सगळं हिंदीत, इकडे मराठीत. मुलीला पुन्हा पाचवीतच बसावं लागेल.

मी तिसरी शिकलेला. पण पोर पास झालेली आणि पासचा कागद माझ्या हातात. म्हटलं, "साहेब, सौंसरचं संत्रं अन् काटोलचं संत्रं मी एकाच पेटीत भरून राहिलो. कलकत्त्याचा व्यापारी विचारत नाही, कोन्या राज्याचं आहे म्हणून. मंग माह्या पोरीलेच काहून विचारता?"

हेडमास्तर हसले. तुमचं म्हणणं खोटं नाही म्हणाले, पण पोरीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, सहावीत ती रडेल. नागपुरात हिंदी शाळाही आहे, तिथे कदाचित घेतील, असंही त्यांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. घरी मराठी बोलणारी पोर, महाराष्ट्रात येऊन हिंदीत शिकणार नाही. म्हणजे तिचं वर्ष अर्धं सरकारनं खाल्लं आणि अर्धं माझ्या हट्टानं.

आता जे लिहितो ते बसून वाच. तेव्हा मी तुला कार्ड टाकलं होतं की सुमन सहावीत बसली, आईला सांग. ते खोटं होतं. आई तेच खरं धरून गेली. आपल्याकडचे जे जे पोरंबाळं घेऊन इकडे आले, त्यांच्यापैकीही कितींनी खरं कळवलं असेल, कोण जाणे. पास झालेली पोर मागे बसली, हे लिहायला हात उठत नाही.

सुमन वर्गात सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. शेवटच्या बाकावर बसायची. नळावर पोरी विचारायच्या, "तू नापास झाली होती का वं?" तेव्हापासून ती पाणी भरायला जाईना. मला एका शब्दाने बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. बोलायचं काम तुझ्या वहिनीने केलं. भिवापूरची मिरची आणली की ती शेजारणीचा पाटा मागून आणायची आणि माझ्याकडे न पाहता म्हणायची, "तुमच्या पुस्तकावर वाटू का?" हे किती वर्षं चाललं म्हणून सांगू. आता घरात मिक्सर आहे, तरी मधूनमधून चालतंच.

ती पोर आता मास्तरीण आहे, तुला माहीतच आहे. हल्ली रेडिओवर बोलून राहिले की साऱ्या देशात शिक्षण एकसारखं असावं, का ज्या त्या राज्याने आपलं ठरवावं. मी तर रेडिओलाच सांगतो, एक करा, हे तेव्हाच करायला पाहिजे होतं. सुमन परवा वह्या तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, पेटी भरताना तुम्ही फळ निवडत होते. बारकं निघालं की बाजूले टाकत होते. साऱ्या देशाचं एकच माप केलं अन् पोरंही तशीच निवडली, तर मी तेव्हाही बाजूलेच पडली असती. माप एक ठेवा, पण पोराले आधी विचारा तरी, त्याले काय येते."

माप एकच असावं हे मी अजून म्हणतो, मरेपर्यंत म्हणेन. पण तिच्या वर्गात शिवनीची, भिलाईची, अशी दुसऱ्या राज्यातली पोरं येतात, तेव्हा ती महिनाभर शाळा सुटल्यावर त्यांना घेऊन बसते. तिच्याकडचं पोर सहसा मागे जात नाही. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं नाही, तुला सांगतो.

तुझी नात जूनमध्ये इथे सहावीला येणार. तू विचारलंस, पुस्तकं सोबत देऊ का. मी लिहिणार होतो, काही देऊ नको, आमच्यासारखा फजीत होशील. सुमनने कार्ड माझ्या हातातून घेतलं. म्हणाली, "आणू द्या. तिले काय येते, ते मले त्याच्यातूनच समजन. इंग्रजी मी पाहून घेईन."

इथे कोणी गाव विचारलं की मी अजून तिकडचंच नाव सांगतो. आणि तिकडे आलो की तुम्ही मला नागपूरवाला म्हणता. दोन्हीकडे पाहुणाच राहिलो, असं वाटायचं. पण तुझी नात या दारात येईल तेव्हा तिला गावातल्याच घरात आल्यासारखं वाटलं पाहिजे, एवढं आम्ही तिघांनी ठरवलं आहे.

तुझी वहिनी आतून सांगून राहिली, पाट्याचंही लिहा. तर तो गोठ्याजवळ पडला असेल, धुऊन घे. मोटारीच्या टपावरून मी स्वतः उतरवीन. पुस्तकं पोरीच्या खांद्यावर दे, पाटा तू घे. या वेळी दोन्ही येऊ दे.