आप्पांच्या मापाची सीट

जुनी जीप घेतली तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगितलं की ती आप्पांसाठी आहे. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाकरी थापत राहिली. शाळेत असल्यापासून मला जीप हवी होती हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बापाच्या खांद्यावरून बंदूक चालवण्यातला प्रकार. पण निम्मं तरी खरं होतं, आणि त्या निम्म्याचं कारण निपाणीच्या पलीकडे तंबाखूच्या रानात राहत होतं. माझी आत्या, आप्पांची थोरली बहीण.

आम्ही वडगावचे विणकर. आप्पांनी उभा जन्म हातमागावर साड्या विणल्या. आता पुढच्या सोप्यात धाकट्या भावाचे दोन यंत्रमाग खडखडतात आणि मी कॅम्पातल्या एका शाळेच्या ऑफिसात कागद हलवतो. आत्याच्या सासरी माग होता आणि थोडं रानही होतं. माग मोडला, रान राहिलं, आणि आत्या रानातल्या घरात राहायला गेली ती कायमचीच. आता तिला कुठे बोलावलं की ती म्हशीकडे बोट दाखवते. "हिची धार कोण काढणार?"

बहीणभाऊ रोज फोनवर बोलतात. दोघांचेही कान जड, त्यामुळे इकडे आमच्या गल्लीला आणि तिकडे तिच्या रानाला सगळ्या बातम्या वेळेवर कळतात. भेट मात्र तीन वर्षं नव्हती. आत्याकडे जाणारा शेवटचा रस्ता काळ्या मातीचा, चाकोऱ्या अशा खोल की मोटारीचं पोट घासतं आणि रिक्षावाले लांबूनच हात हलवतात. मागच्या खेपेला आम्ही डांबरी रस्ता संपल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो होतो. आप्पांचे गुडघे तेव्हाच आखडले होते. पोचल्यावर दोघांनी त्यांना काखेत धरून पोत्यासारखं खाली घेतलं. आत्या दारात उभी होती, ती ते बघून रडली.

 घरी आल्यावर चप्पल काढता काढता आप्पा म्हणाले, "आक्कानं मला उचलून उतरवलेलं बघितलं. आता माझ्या पायानं उतरायला यील तवाच जायाचं. न्हायतर न्हाय."

आप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आत्याचं वय ऐंशीच्या पुढे. फोन ठेवताना ती रोज "कवा येतोस रं?" म्हणायची आणि आप्पा "येतो, येतो" म्हणायचे. ते ऐकून मला कधी वाईट वाटायचं, कधी नुसता राग यायचा.

जीप रस्त्याला दणकट होती, पण आत बसणाऱ्या माणसाचा विचार तिच्या जन्मदात्यांनी केलेला दिसत नव्हता. लोखंडी पेटीवर पातळशी गादी, पाठ सरळसोट, आणि पुढे पाय ठेवायला इतकी कमी जागा की माझे गुडघे डॅशबोर्डाला टेकायचे. मी ताडमाड उंच आहे. आई म्हणायची, मला उभ्या ताण्यावर सोडलं होतं. मी गाडी थेट गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींची शेड आमच्या घरापासून जवळच आहे. हा माणूस घरात कन्नड बोलतो, माझ्याशी मराठी, आणि गाडीला शिव्या देताना दोन्ही भाषांना समान न्याय देतो. मी टेप काढून त्यांना समजावलं. सीटची पेटी सहा इंच मागे घ्यायची, मागचं बाकडं तेवढं कापायचं, सीट मागेपुढे सरकायला रेल बसवायची, पाठ थोडी कलती करायची. जाड फोम. धरायला दांडी. मिस्त्री म्हणाले, "पाय लांब करून झोपायचं हाय काय?" मी म्हटलं, "आप्पांचे गुडघे दुखतात, त्यांना पाय लांब करता आले पाहिजेत." काम व्हायला पंधरा दिवस लागले. मी रोज ऑफिस सुटल्यावर तिथे उभा. पुढच्या दोन्ही सीटा झाल्यावर मी आप्पांच्या सीटवर बसलो, पाय ताणले आणि डोळे मिटले. इतकं सुख मला आमच्या घरातल्या कुठल्याही खुर्चीनं दिलेलं नाही.

रविवारी सकाळी चाचणी म्हणून आप्पांना घेऊन बेळगुंदीला निघालो. लांब नाही, अर्ध्या तासाचा रस्ता. मी आरशात स्वतःकडेच कौतुकानं बघत होतो.  गाव दिसायला लागलं तसे आप्पा म्हणाले, "थांबीव." पाय पुढे पसरलेले, टाचा पत्र्यावर, गुडघे अर्धवट वाकून थरथरत होते. मांडीखाली मुंग्या आल्या होत्या. मला आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका शेतकऱ्याला मिळून त्यांना खाली घ्यावं लागलं. काखेत धरून. अगदी तसंच.

बांधावर बसून त्यांनी जीपकडे पाहिलं. "गाडी चांगली हाय रं. तू फिरीव. मला न्हाय जमायचं."

आक्काला काय सांगू, एवढंच त्यांनी पुढे विचारलं, आणि ते मला विचारलं होतं की स्वतःला ते मला कळलं नाही. 

माझा स्वभाव वाईट आहे. दुःख झालं की मला राग येतो. आठवडाभर मी मिस्त्रींवर, फोमवर, रस्त्यांवर आणि बायकोवर चिडून घेतलं. शेवटी एका संध्याकाळी आप्पांवरच घसरलो. ते मागच्या खोलीत त्यांच्या नेहमीच्या जागी बसून भावाच्या यंत्रमागासाठी सुताच्या गाठी सोडवत होते. चहा झाल्यापासून तिथेच होते, दोन तास तरी झाले असतील. मी म्हटलं, "इथं दोन दोन तास बसता, आणि एवढ्या मऊ गादीवर अर्धा तास बसवत नाही तुम्हाला?"

"हितं पाय खाली असत्यात," आप्पा म्हणाले. मान वरही केली नाही.

मी खाली पाहिलं. आमचा जुना हातमाग खड्ड्याचा. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पायाखालच्या पट्ट्या दाबतो. माग कधीच काढला, पण खड्डा आप्पांनी बुजवू दिला नव्हता. भाऊ फरशी घालतो म्हणाला तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. आणि आप्पा त्याच खड्ड्याच्या काठावर बसले होते, मांड्या जमिनीला टेकलेल्या, गुडघ्यापासून खाली पाय सरळ सोडलेले, तळवे तळाच्या फळीवर. वयाच्या बाराव्या वर्षापासून ते असेच बसत आले होते. मी विणकराचा मुलगा, त्याच खड्ड्यात लपाछपी खेळलेला, आणि मी स्वतःच्या लांब पायांच्या मापानं बापाची सीट बनवून आणली होती. त्यांना पुढे जागा नकोच होती, खाली हवी होती. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच फतकल मारून बसलो.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू कुठं इचारलास?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आले. खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "गाडीला खाली खड्डा पाडायला येत न्हाय आप्पा. खाली चासी हाय."

"मग मला वर घ्या," आप्पा म्हणाले.

मी टेप काढला. आप्पांनी तो बाजूला सारला आणि रिळावरचं सूत तोडून घेतलं. काठापासून फळीपर्यंत एक गाठ, काठापासून पाठीपर्यंत दुसरी, मांडी जिथे संपते तिथे तिसरी. ताणा मांडताना लावतात तसं ते सूत दोन बोटांत ताणून त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिलं. मिस्त्रींनी ते घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

आप्पांच्या सीटची पेटी वर उचलली, पुन्हा पहिल्या जागी पुढे घेतली. माझं पंधरा दिवसांचं काम पाण्यात. गादी पातळ आणि टणक, पुढची कड गोल, पायाखाली उताराची फळी. दाराशी दोन पायऱ्या आणि वर धरायला कडी. गाडीचा टप वर घ्यावा लागेल असं मला वाटत होतं, पण आप्पा बुटके, त्यांची टोपी तेवढी कापडाला टेकली. बसल्यावर त्यांनी पाय सोडले, फळी एकदा डाव्या पायानं दाबली, एकदा उजव्या. मग मला म्हणाले, "हां."

त्यानंतर आठ दिवस दुपारी, गल्ली जेवून आडवी झाली की, आप्पा जीपमध्ये चढायचे आणि उतरायचे. कडी, वरची पायरी, खालची पायरी, जमीन. बायको खिडकीतून बघून मला शाळेत फोन करायची. "आज तीनदा. एकदा कडी न धरता." कुणाला सांगायचं नाही असं आम्हा नवराबायकोचं ठरलं होतं.

आत्याकडे निघालो तेव्हा आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. संकेश्वरला चहासाठी थांबलो. ते एकटे उतरले, एकटे चढले, आणि चहावाल्यानं हात पुढे केला तर त्याला म्हणाले, "कप धर माझा." तवंदी घाट उतरताना मी हळूच खाली पाहिलं. त्यांचे पाय फळीवर आलटून पालटून दाबत होते, डावा, उजवा, डावा, उजवा. ते बाहेर बघत होते. पायांकडे त्यांचं लक्षही नसावं.

काळ्या मातीत जीप डुलली, पण आप्पा हलले नाहीत. आत्या अंगणात काठी टेकून उभी होती, आम्ही येतोय हे फोनवर मीच सांगितलं होतं. मी उतरून आप्पांच्या बाजूला जायला निघालो तसा त्यांनी आतूनच माझ्याकडे डोळे वटारले. मी बॉनेटपाशी थांबलो आणि हात पाठीमागे बांधले, कारण ते आपोआप पुढे जात होते.

आप्पांनी कडी धरली. वरची पायरी. खालची पायरी. तिथे ते जरा जास्तच थांबले. मग जमीन. टोपी नीट केली आणि अंगण ओलांडून बहिणीच्या पाया पडायला वाकले, जेवढं वाकता आलं तेवढं.

आत्यानं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. मग त्यांच्या खांद्यावरून जीपकडे बघत, फोनवर बोलतात तेवढ्याच मोठ्यानं तिनं विचारलं, "लई दांडगी गाडी की रं! कुणाची?"

"माझी," आप्पा म्हणाले. "पोराला चालवाय दिलीया."

मी "व्हय आत्या" म्हटलं आणि आत्यासाठी आणलेल्या खव्याच्या कुंद्याचा डबा काढायला गाडीच्या मागे गेलो, कारण मला रडू येत होतं.