तिच्यासाठी बांधलेली चूल

पोळा झाल्यावर बायको छातीच्या दुखण्यावर इलाज करायला मुलीकडे नागपूरला गेली आणि घरात चूल आणि मी असे दोघेच उरलो.

सिलिंडर होता घरात, नव्हता असं नाही. पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. गॅसवरच्या भाताला चवच नसते, हे मी इतक्या वेळा बोललो होतो की आता एकट्यानं गॅस पेटवायचीही लाज वाटायची. भोग म्हटलं आपल्या जिभेचे!

सकाळी उठून राख काढायची, चुलीवरून मातीचं पोतेरं फिरवायचं, सरपण आत आणायचं. पावसात दमटलेलं सरपण म्हणजे नुसता छळ. डोळ्यांत धूर, घशात धूर, आणि फुंकणी फुंकून फुंकून गाल दुखले तरी आधण येत नसे. आठ दिवसांत मी पार खचलो. धानाच्या बांधीत दिवसभर चिखलात वाकून रोपांची रोवणी केली तेव्हाही इतका थकलो नव्हतो. ही बाई तीस वर्षं हे कसं करत आली, असं मनात आलं. पण खरं सांगतो, त्यावर फार विचार केला नाही. चूलच जुनी झाली, तिचं तोंड चिरलं म्हणून धूर मारते, असं ठरवून मोकळा झालो.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, आईले धुरात बसू देऊ नका म्हणते डॉक्टर. छाती पहिल्यासारखी नाही राहिली तिची."

"काळजी करू नको. मी करतो बंदोबस्त," मी म्हटलं.

बंदोबस्त म्हणजे काय, तर नवी चूल. शेताजवळच्या बोडीची, म्हणजे तळ्याच्या काठची चिकणमाती दोन घमेली आणली, धानाचा कोंडा टाकून पायानं तुडवली. कोंडा कमी पडला, आणि वाळायच्या आधीच मी आत जाळ घातला. चूल तडकली. शेजारची काकू दारातून म्हणाली, "अजी भाऊ, वाळू तं द्या तिले! कायची घाई हाय?" पुन्हा माती, पुन्हा तुडवणं. या वेळी मागून टिनाचा पाइप काढून कौलांबाहेर नेला. दोन दिवस हात वर उठत नव्हते. पण चूल अशी देखणी झाली की रोज तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात फिरवायचो. बायको खूश होईल, एवढंच डोक्यात.

वरठी स्टेशनवर ती गाडीतून उतरली. तिच्या पिशवीत तोंडानं ओढायचा औषधाचा पंप होता. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात थांबून ती चुलीकडे पाहत राहिली.

"कायले केली जी हे?"

"तुह्यासाठीच. आता धूर नाही लागणार तुले."

"डॉक्टरनं नवी चूल बांधा म्हटलं होतं का?"

बाप्पा! गॅस तिथंच दोन हातांवर, आणि तिच्यासाठी तोच पेटवावा, हे इतक्या दिवसांत मला एकदाही सुचलं नाही. स्वतःचाच संताप आला.

ती मात्र सवयीनं चुलीपुढे बसली. काड्या रचल्या, पेटवल्या, फुंकणी तोंडाला लावली. जाळ काही होईना. पुन्हा फुंकलं. अर्ध्यातच तिचा श्वास तुटला आणि ती खोकत सुटली.

मी तिच्या हातून फुंकणी ओढून घेतली. "उठ. गॅसवर ठेव भात."

"तुमाले तं चव लागत नाही ना गॅसवरची?" धाप लागलेली, तरी हसत होती.

"उठ म्हटलं ना!"

त्या संध्याकाळी गॅसवरचा भात मी दोनदा मागून घेतला. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला मान वर करवेना. भाताची चव तीच होती.